कोनाड्यासह ताबा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण जिथे काहीच चोरीला गेलं नव्हतं, ती घटना आजही जशीच्या तशी आठवते.

लढाईचा काळ होता आणि मी नंदुरबार ठाण्यात फौजदार होतो. कोरीटच्या पुढच्या एका गावात लष्कराने चारा, धान्य आणि पेट्रोलचे डबे ठेवायला काही शेतं आणि घरांची एक ओळ ताब्यात घेतली. लष्कराची पद्धत ठरलेली असते. मोजणी करायची, भाडं ठरवायचं, दारं-खिडक्यांपासून खुंट्यांपर्यंत सगळ्याची नोंद करायची आणि घर रिकामं करून घ्यायचं. सुटी वस्तू मालकाने न्यायची. इमारतीला जडलेली वस्तू लष्कराच्या हवाली, आणि लढाई संपल्यावर होती तशी परत. कागदावर हे फार सरळ दिसतं. ताबा घेण्याच्या दिवशी बंदोबस्ताला मी उभा होतो. एका तरुण शेतकऱ्याने बरीच आरडाओरड केली, आणि त्याची विधवा आई शेवटचं भांडं उचलून दिराच्या गोठ्यात राहायला गेली.

पुढे श्रावणात एका सकाळी पोलीस पाटील घाईघाईने ठाण्यात आला. लष्कराने कोठार केलेल्या एका घरात भिंतीवर ओला पट्टा दिसला होता. पहारेकऱ्याने बंदुकीचा दस्ता आपटला, तर आतून पोकळ आवाज. शेजारच्याच खोलीत पेट्रोल. भिंतीत बॉम्ब पुरला आहे, अशी कॅप्टनसाहेबांची खात्री झाली होती.

"त्यानंच करेल शे, रावसाहेब," पाटील म्हणाला. "ताबा देवाना दिन सगळासमोर बोलना व्हता, 'यास्ले सुखमा ऱ्हावू देवाव नही.'"

घर त्या आरडाओरड करणाऱ्या तरुणाचंच होतं. त्याला उचलून आणलं. सकाळभर विचारपूस केली, नरम केली, गरमही केली. त्याचं एकच पालुपद: "माले काय ठाव नही, साहेब. मी ते गाडी लिसन धडगावले जायेल व्हतू. बोलनू ती निस्ती तोंडनी वाफ व्हती." खोटं बोलणारा माणूस दर वेळी हकीकतीत थोडी भर घालतो. याने एक शब्द वाढवला नाही. पण माझ्या मताला तिथे किंमत नव्हती. कॅप्टनचा निरोप आला: आरोपी लष्कराच्या ताब्यात द्या, आणि भिंत आम्ही लांबून दोर लावून पाडतो. धाब्याचं घर ते. ती भिंत गेली की माळवद खाली येणार, म्हणजे घरच संपलं.

मी थोडी सवड मागून घेतली आणि भिंत पाहायला गेलो. शिपाई लांब उभे होते. मी एकटाच भिंतीशी गेलो. पट्टा जवळून पाहिला आणि जीव भांड्यात पडला. शेणामातीचा हात अर्धगोल फिरवून कडा जुन्या सारवणात अशा मिळवल्या होत्या की सांधा दिसू नये. खाली कोपऱ्यात हळदीचं बोट. बॉम्ब पुरणारा माणूस पळायच्या घाईत असतो, सारवत बसत नाही.

"इथे सारवायला कोण येतं?" मी विचारलं.

पाटलाने सांगितलं, लष्कराच्या ठेकेदाराने गावातल्या तीन बायका लावल्या होत्या. त्यांतली एक त्या तरुणाची आई होती. आपल्याच घरात ती मजुरीने सारवत होती, आणि लष्कराला याचा पत्ता नव्हता.

तिला बोलावलं. पोरगा ठाण्यात आहे हे तिला ठाऊक होतं, तरी ती बसल्या जागी हातावरची माती खरवडत राहिली. मग मी दोराबद्दल सांगितलं. तशी ती ताडकन उठली.

"भितले दोर लावू नका. मन्हा पोरनं काय करेल नही, ते मी करेल शे. मीच खोलस."

कॅप्टनने सगळ्यांना मागे घेतलं. म्हातारीने भिंतीला हात जोडले आणि नखांनी माती उकरायला सुरुवात केली. आतून कोनाडा निघाला. कोनाड्यात लाल कापडात, नथ घातलेला एक जुना नारळ होता. घराण्याची कानबाई, खानदेशातली कुलदेवी.

घर सोडताना तिने देवीला तिथेच लिंपून टाकलं होतं. आदल्या रविवारी कानबाईचा दिवस आला, तेव्हा सारवता सारवता कोनाडा उघडला, हळदकुंकू वाहिलं आणि पुन्हा बंद केला. बाहेर काहीच नेलं नव्हतं.

कॅप्टन भला माणूस होता, पण नियमाचा पक्का. म्हणाला, मालकाची वस्तू आत राहणार नाही, घेऊन जा.

"कोठे लई जाऊ? दुसरान्या गोठामा माय बठस का?" म्हातारी म्हणाली. "हाई तिन्हं घर शे. तुम्ही पाव्हना शेतस. लढाई सरनी का जाशात."

हे कॅप्टनला भाषांतर करून सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी ते टाळलं आणि नियमालाच हात घातला. "साहेब, सुटी वस्तू मालकाची, हे खरं. पण ही भिंतीत बसवलेली आहे. म्हणजे इमारतीला जडलेली. ती सांभाळून परत देणं तुमच्याकडे लागतं."

 तो हसला, आणि त्याने पंचनाम्यात आणि ताब्याच्या यादीत तसंच लिहू दिलं. म्हातारीने कोनाडा पुन्हा लिंपला. पोरगा संध्याकाळी घरी गेला.

लढाई संपल्यावर ताबा परत देताना मी हजर होतो. मधल्या काळात तिथे किती पलटणी बदलल्या होत्या. नवा अधिकारी एकेक बाब वाचत होता: दारं, खुंट्या, "कोनाडा एक, आत नारळ, उघडू नये." घराची दारं खिळखिळी झाली होती, माळवदातून उजेड येत होता. त्या भिंतीला मात्र कोणी खिळा ठोकला नव्हता की पोतं टेकवलं नव्हतं.

गुन्ह्याच्या जागी काय मोडलं आहे, हे पाहायची आम्हा पोलिसांना सवय. काय नीट करून ठेवलं आहे तेही पाहावं, हे मी त्या घरात शिकलो.

पुढच्या श्रावणात म्हातारीने मला जेवायला बोलावलं. कानबाई चौरंगावर बसली होती. माझ्या ताटात खीर, गंगाफळाची भाजी, सगळं होतं, फक्त रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, नव्हता.

"रोट तुमले देता येत नही, रावसाहेब," ती म्हणाली. "तो घरना मान्‌ससाठेच ऱ्हास."

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. तिचं घर आता पुन्हा तिचं होतं. मी पाहुण्याची पोळी खाल्ली आणि ठाण्यावर परत आलो.