दाजी आणि बोटीखालची जाळी

दाजींना साधं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नसे. “दाजी, चहा टाकू का?” एवढं विचारलं तरी ते मान तिरकी करून विचारात पडत. “चहानं तरतरी येती, हे खरं हाय. पन आता घेतला तर जेवन जात न्हाई.” मग चहा घेण्याच्या बाजूनं काय, न घेण्याच्या बाजूनं काय, हे सगळं ते नीट मांडत. तोवर माझ्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, कप त्यांच्या पुढ्यात आदळलेला असे. ते तो मुकाट्यानं पिऊन टाकत.

अक्काला बघायला आले तेव्हाही हेच. बाबांनी विचारलं, “मुलगी पसंत आहे का?” दाजी तेव्हा कोकणात मासेमारीच्या मोठ्या बोटींवर इंजिन ड्रायव्हर होते. भरल्या बैठकीत म्हणाले, “मुलगी चांगली हाय. पन मी महिनोनमहिने दर्यावर. तिला एकटीला राहावं लागंल. तिच्या बाजूनं पाहिलं तर यात नुकसान हाय.” बाबांचा चेहरा उतरला. मुलाकडचे एकमेकांकडं बघू लागले. अक्का दाराआडून ऐकत होती. आत येऊन मला म्हणाली, “खोटं तरी बोलत नाही,” आणि तिनंच होकार कळवला. मला विचाराल तर तिनं जरा घाई केली. पण त्यानंतर त्या घरातला प्रत्येक निर्णय तिलाच घ्यावा लागला.

कोकणातली नोकरी सोडून दाजी नांदेडला परतले ते एक जुनी फायबरची बोट ट्रकवर लादून. सगळी गल्ली बघायला जमली होती. विष्णुपुरीच्या धरणामागं गोदावरीचं पाणी लांबवर पसरलेलं. पल्याडच्या गावांना रस्त्यानं जायचं तर भला मोठा वळसा. दाजींनी त्या पाण्यावर बोट सुरू केली. आणि माझं नशीब असं की त्याच सुमारास माझी बदली पल्याडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. मेहुणी म्हणून इंजिनाशेजारची जागा माझ्यासाठी राखलेली असे. मानाची जागा. तिथून दाजींचं बोलणं चुकवायला पाण्यात उडी मारण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

दाजींचा लाडका विषय म्हणजे बोटीखालची जाळी. त्या बोटीचं इंजिन थंड राहायचं ते नदीच्याच पाण्यानं. बोटीच्या तळाला एक भोक, त्यातून पंप पाणी ओढून घेणार, ते इंजिनाभोवती फिरणार आणि मागच्या नळीतून धार होऊन बाहेर पडणार. त्या भोकावर दाजींनी बाहेरून पितळेची जाळी बसवली होती. पालथ्या वाटीसारखी, लांब खाचांची. कचरा आत येऊ नये म्हणून.

पण नदी काही समुद्र नव्हे. आमच्या नदीत जलपर्णी, निर्माल्य, दुधाच्या पिशव्या, खताची फाटकी पोती, सगळं वाहत येतं. आठवड्यातून एकदा तरी ते जाळीला चिकटे. मागची धार बारीक होई, इंजिनाला जळका वास येई, आणि दाजी इंजिन बंद करून शर्ट काढत. मी साडी सावरत, घड्याळाकडं बघत बसे. खाली दाजी बोटीच्या पोटाशी चाचपडत असत आणि वर शाळेची घंटा माझ्याविना वाजत असे.

“दाजी, ही जाळी आत का नाही बसवत?” मी एकदा वैतागून विचारलं. पलीकडच्या मच्छीमारांच्या बोटीत मी पाहिलं होतं, आतच एक झाकणाचा डबा होता. झाकण उघडलं, कचरा काढला, झाकण लावलं. कोणाला भिजायला नको.

ही माझी चूक झाली. दाजींचे डोळे चमकले.

“हाव, आतल्या डब्याला फायदा हाय. हात कोरडा राहतो. पन सुजाता, घान तळाच्या भोकातून आत आल्यावर मग डब्यात अडकती ना? मधल्या नळीत अडकली तर काय करशील? बाहेरची जाळी घानीला उंबऱ्यावरच थांबवती.”

“मग बाहेरचीच चांगली म्हणा.”

“तसं कसं म्हनू? बाहेरची तुंबली तर पान्यात उतरावं लागतं. तिच्या मागं शेवाळ धरतं, ते दिसत न्हाई. खडकाला घासली तर तुटती.”

“मग आतली बसवा.”

“आतल्या डब्याचं झाकन ढिलं राहिलं तर नदी बोटीत येती.”

रोज. मी सांगते ना, रोज. जाताना बाहेरच्या जाळीचे फायदे, येताना तोटे. शाळेत मुलांना मी ‘पाण्याचे उपयोग’ शिकवत असे तेव्हाही माझ्या कानात पितळेच्या खाचा घुमत. गावातल्या बायांनाही ते पाठ झालं होतं. दाजींनी “एका बाजूनं पाहिलं तर” म्हटलं की भाजीच्या पाटीवाली मावशी पुढचं म्हणून टाके. दाजी रागावत नसत. “बरोबर सांगून राहिली मावशी,” म्हणत, आणि तिचं काय राहून गेलं ते जोडत.

मग दहावीची परीक्षा आली. आमच्या शाळेच्या मुलांचं केंद्र अल्याड, नांदेडच्या बाजूला. गणिताच्या पेपरला मुलामुलींना घेऊन मी बोटीत बसले. सगळ्यांच्या अंगात नारिंगी लाइफ जाकिटं, हातात पारदर्शक पाऊच. पूजा नावाची एक मुलगी होती, शेतमजुराची. तिच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली पहिलीच. ती डोळे मिटून सूत्रं पुटपुटत होती.

बरोबर मधोमध धार तुटली. जळका वास आला. दाजींनी इंजिन बंद केलं.

वल्ही होती, पण भरलेली बोट आणि समोरून वारा. दोन मुलांनी जोर लावून पाहिला, तर बोट जागीच गोल फिरली. दाजी पाण्यात उतरले, खाली गेले, वर आले. हातात पोत्याचे दोरे.

“खताचं पोतं हाय. खाचांत विनल्यासारखं गुतलंय. वढलं की तुटतंय, पन निघत न्हाई.”

“मग जाळीच काढा!”

बोटीची कड धरून, नाकातून पाणी गळत असताना दाजी म्हणाले, “काढता येती. पन सुजाता, जाळी काढली की भोक उघडं पडतं. मग जलपर्नीचे देठ सरळ पंपात जातील. पंपातला रबरी पंखा—”

पोरं पाहत होती. पूजाचं पुटपुटणं थांबलं होतं. माझा तोल गेला. सगळ्या विद्यार्थ्यांसमोर, मोठ्या बहिणीच्या नवऱ्यावर मी ओरडले, “दाजी, या पोरांचं वर्ष जाईल! काढा ती जाळी!”

दाजींनी पूजाकडं पाहिलं. मग मला म्हणाले, “टॉमी दे.” टॉमी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी. ती घेऊन ते खाली गेले. बोटीच्या तळाला धडधड हादरे बसले. बराच वेळ ते वर आलेच नाहीत. मुलं जाकिटांचे बंद धरून पाण्यात वाकून बघत होती. मग जाळी हातात घेऊन दाजी वर आले, अंगठा फाटलेला, रक्त पाण्यात पसरत होतं. रागारागानं त्यांनी जाळी माझ्या पायाशी टाकली.

इंजिन सुरू झालं, धार पडली. काठावरून मुलं पळत सुटली, मी मागून. केंद्राचं फाटक लावायला शिपायानं हात घातला होता. शेवटून दुसरी पूजा आत गेली आणि मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.

आणि दाजी? ते एकटेच परत निघाले, आणि त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. देठ पंपात गेले, रबरी पंख्याच्या चिंधड्या झाल्या. बोट बंद. तो सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत मी एसटी, मग ऑटो, मग पायी अशी शाळा गाठली. उरलेल्या पेपरांना मुलं गावातल्या ट्रॅक्टरमधून वळसा घालून गेली. संध्याकाळी मी धुळीनं माखून अक्काकडं पाणी प्यायला टेकले की दाजी पट्टी बांधलेला अंगठा वर करून म्हणत, “म्हनलं होतं ना, उघड्या भोकाचा तोटा?” मला त्यांना पाण्यात ढकलावंसं वाटे. ते पोहून वर आले असते, हाच काय तो तोटा.

शेवटी त्यांनी दोन्ही केलं. बाहेर रुंद खाचांची नवी जाळी, आत झाकणाचा डबा. मी म्हटलं, संपलं आता, सुटले. कसली सुटते? आता दोन जाळ्यांचे फायदे आणि दोन जाळ्यांचे तोटे झाले. पूजा पास झाल्याचे पेढे घेऊन तिची आई आली, तेव्हा तिलाही अर्धा तास डब्याचं झाकण उघडून दाखवलं. ती माउली मान डोलावत राहिली.

पुढं दाजींच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दाजींनी त्यांना खुर्चीत बसवून इतके प्रश्न विचारले की बाहेरचे पेशंट दार ढकलून डोकावू लागले. अक्कानं पर्स उचलली. “ऑपरेशन करायचं आहे. तारीख द्या.” तारीख मिळाली. ऑपरेशनही नीट झालं. पण बोट बंद करावी लागली. भाची लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, दोघं तिच्याकडं राहायला गेले. बोट गावातल्याच एका तरण्या माणसानं, शेख अन्वरनं, चालवायला घेतली. जायच्या आधी दाजींनी त्याला सगळं समजावलं. अन्वर मला नंतर म्हणाला, “मॅडम, दाजींनी लई सांगितलं. मी डबा रोज साफ करतो, बास.”

तो करतोही. बोट वेळेवर सुटते, वेळेवर पोचते. त्याच्या काळात माझी शाळा एकदाही बुडाली नाही.

गेल्या हिवाळ्यात शाळेतच अक्काचा फोन आला. दाजी सकाळी उठलेच नव्हते. मुख्याध्यापकांना सांगून मी काठावर आले. दाजींच्या मातीला दुपारपर्यंत लातूर गाठायचं होतं. अन्वरनं मला एकटीलाच घेऊन बोट सोडली. मी माझ्या त्याच जागेवर, इंजिनाशेजारी बसले.

“अन्वर,” मी विचारलं, “लातूरची गाडी मिळेल का रे?”

“मिळंल मॅडम,” तो म्हणाला.

धार नीट पडत होती. पाणी स्वच्छ होतं. मी त्याच्या तोंडाकडं बघत पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले.