पाणी मारलं होतं का?

ही गाडी घेऊ नका, असं बायकोनं मला स्पष्ट सांगितलं होतं. इकडे उत्तरेत, आम्ही राहतो त्या विकास नगरमध्ये, आमच्या गल्लीतले एक डॉक्टर परदेशातल्या मुलाकडे कायमचे निघाले होते. त्यांची मोठी गाडी पेट्रोलवर चालायची आणि घरच्या प्लगवर चार्जही व्हायची. एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीत ते ती द्यायला तयार होते. "इतक्या स्वस्तात का देतायत, तेवढं विचारा," ती म्हणाली. मी काही विचारलं नाही. हवाई दलात बावीस वर्षं विमानांच्या विजेच्या यंत्रणेवर काम केलेला माणूस मी. विजेच्या गाडीचं मला काय भय? निवृत्तीच्या पैशांतून गाडी घेतली.

दीड वर्ष काही तक्रार नव्हती. बायकोची शाळा, बाजार, बँक, सगळं बॅटरीवरच व्हायचं. पेट्रोल भरायला गेलो की पंपावरचा माणूस म्हणायचा, "अरे सर, बहुत दिन बाद!"

मग मे महिन्यात जळगावहून दादा आणि वहिनी यायचे ठरले. आदल्या दिवशी मोठी आंधी आली होती, गाडीवर धुळीचा थर बसला होता. दादानं आयुष्यभर स्कूटर चालवली. त्याला ही गाडी चकचकीत दिसावी असं मला फार वाटत होतं. शेजाऱ्याचा प्रेशर पंप मागून आणला, गाडी धुतली आणि बॉनेट उघडून आतही फवारा मारला. आतल्या जाड नारंगी केबलांवर धूळ होती, तीही धुऊन काढली. नारंगी केबल म्हणजे शेकडो व्होल्ट, तिथे जोराचं पाणी मारायचं नसतं, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

चारबाग स्टेशनला गाडी नीट पोहोचली. पार्किंगमध्ये लावली, दादा-वहिनींना घेऊन आलो, सामान ठेवलं. बटण दाबलं तर पडद्यावर लाल सूचना आली आणि गाडी सुरूच होईना. मागून ऑटोवाले हॉर्न देत होते. वीस मिनिटं मी बटण दाबत राहिलो. शेवटी दादा म्हणाला, "राहू दे रे. आपण रिक्षानं जाऊ." गाडीचं त्यानं कौतुक केलं नाही आणि चेष्टाही केली नाही. सामान उचलून त्यानं ऑटोत ठेवलं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं चार दिवसांनी सांगितलं, की वीज कुठेतरी गाडीच्या सांगाड्यात झिरपतेय; आधी सगळी बॅटरी बदलू, मग पुढचं बघू. खर्चाचा आकडा वाचून मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्यात दुसरी तशीच जुनी गाडी आली असती.

"विकून टाका," बायको म्हणाली.

"बंद गाडी कोण घेणार?"

दोन दिवसांनी तिनं तिची मुदतठेव मोडली. "सेंटरमध्ये नको, दुसरं कोणीतरी बघा," एवढंच म्हणाली.

दुसरं कोणीतरी आमच्याच भागात मिळालं. चाळिशीचा एक मेकॅनिक, कंपनीची नोकरी सोडून स्वतःची शेड टाकलेला. काम नेटकं होतं त्याचं. हातात जाड रबरी मोजे, गाडीभोवती दोरी, आणि दोरीच्या आत कुणाला पाय टाकू द्यायचा नाही. एकेक भाग वेगळा करून मीटर लावत गेला. मीटर सगळं ठीक दाखवत होतं. आठवडाभराच्या उन्हात गाडी सुकून गेली होती ना.

त्यानं मला विचारलं, "सर, पानी तो नहीं मारा किसी ने? इंजन की तरफ?"

मी म्हणालो, "नहीं."

इतक्या सहज म्हणालो की मलाच नवल वाटलं. हवाई दलात एक स्क्रू फिरवला तरी वहीत लिहून खाली सही करायची, चूक झाली तर तीही लिहायची. माझ्या हाताखालच्या एकानं एकदा अशी एक चूक लपवली होती. त्याला मी सगळ्यांसमोर झापलं होतं.

"फिर तो बैटरी के अंदर ही होगा," तो म्हणाला. त्यानं बॅटरी खाली उतरवली, झाकण उघडलं आणि दोन दिवस त्या उघड्या बॅटरीवर काम केलं. दोरीच्या बाहेर स्टुलावर बसून मी बघत होतो. आत काय आहे ते मला त्याच्याइतकंच कळत होतं. एखादा पाना चुकीच्या जागी पडला असता तर माणूस जागच्या जागी गेला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मोजे काढून माझ्यापाशी आला. बोटं पाण्यात भिजल्यासारखी पांढरी पडली होती. "अंदर सब सूखा है, सर. समझ में नहीं आ रहा."

तेव्हा मी सांगितलं. पाणी मीच मारलं होतं, प्रेशरनं, नारंगी केबलांवर.

तो चिडेल असं वाटलं होतं. त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, सगळी संपवली आणि मग म्हणाला, "आप तो खुद बिजली के आदमी हैं।" हवाई दलातलं माझं काम मी त्याला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

तासाभरात त्यानं दोष शोधला. एसीच्या कंप्रेसरला जाणाऱ्या केबलच्या जोडाचं रबर आधीच चिरलेलं होतं. तिथून पाणी आत गेलं होतं, पिनांवर हिरवट गंज चढला होता. एसी चालू झाला की तिथूनच वीज झिरपायची. कंप्रेसर आणि केबल दोन्ही बदलावी लागणार होती. माल दिल्लीहून मागवला, तिथे तो बाहेरच्या देशातून यायचा होता; पाच आठवडे गेले. बॅटरी विनाकारण उघडल्याची मजुरी त्यानं बिलात लावली नव्हती. ती मी लावायला लावली.

बायकोला सांगायचं राहिलं होतं. एका रविवारी आम्ही पडद्यांचं कापड घ्यायला ई-रिक्षानं अमीनाबादला निघालो होतो, तेव्हा सांगितलं.

"गाडी धुतलीत त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण अहो, मी ठेव मोडली तेव्हा तरी सांगायचं होतं."

अमीनाबादला उतरल्यावर ती माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली, पहिल्या दोन दुकानांत माझं मत विचारलं नाही. तिसऱ्या दुकानात एक निळं कापड हातात धरून म्हणाली, "हे बरं वाटतंय का?" मी हो म्हणालो. तिनं दुसरंच घेतलं.

गाडी सध्या चालते आहे. एका चार्जमध्ये पूर्वीपेक्षा थोडं कमी अंतर जाते. पुढच्या वर्षी विकायची असं ठरवलंय. घेणाऱ्याला काय काय बदललं आणि का, हे सांगायचं, असं बायकोनं बजावलंय. मी एका कागदावर ते लिहून, खाली सही करून, गाडीच्या कागदपत्रांत ठेवून दिलं आहे.