गिळता येईना, श्वास पुरेना

मित्रांनो, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय.

माझ्या बायकोला, सुनीताला, आठवडाभर ताप आणि घसादुखी होती. व्हायरल आहे, होईल बरं, असं सगळेच म्हणत होते. आज सकाळी मात्र तिला थुंकीसुद्धा गिळता येईना. आडवी झाली की गुदमरायची, म्हणून पुढे वाकून बसली होती.

"घसा सुजेल शे, गुळण्या कर पोरी," माझे वडील, आबा अहिराणीत म्हणाले; घसा सुजलाय, एवढंच त्यांना वाटलं.

तिने माझा हात घट्ट धरला. "अहो, श्वास पुरत नाहीये."

चाळीसगावहून गाडी काढली ती थेट धुळ्याला. वाटेत तिचं बोलणंच बंद झालं. "सुनीता, ऐकतेस ना?" मी सारखं विचारायचो, ती मान हलवायची.

घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. दोन्ही टॉन्सिल सुजून एकमेकांना टेकले होते.

"विषाणू साधाच आहे, पण क्वचित असं होतं. अजून थांबला असतात, तर गळ्याला छिद्र पाडून नळी टाकावी लागली असती."

ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. संध्याकाळी तिने चमचाभर पाणी गिळलं. फोनवर हे सांगितलं, तर आबा रडायलाच लागले.

तुमच्या घरी कुणाला लाळही गिळता येईना, तर तुम्ही किती वेळ थांबाल?