लाँचमधल्या चपला

सुट्टीचा एक दिवस निवांत काढावा, म्हणून पुण्याहून सकाळच्या एसटीने धरणाकाठच्या गावी गेले. गरम भजी खाल्ली, काठावर रेंगाळले आणि पलीकडच्या गावी जाणाऱ्या लाँचमध्ये जाऊन बसले. पाणी हिरवंगार होतं. मन अगदी सैल झालं होतं.

मध्यावर येताच लाँचवाल्याने इंजिन बंद केलं. कुणी न सांगता सगळ्यांनी पायातल्या चपला काढल्या.

"तुमीबी काढा, ताई," शेजारची म्हातारी हळूच म्हणाली. "खाली आमचं देऊळ हाय."

मी काढल्या. लाँच आपसूक पुढे सरकत होती. वाकून पाहिलं, तर पाण्यात माझाच चेहरा आणि त्याखाली नुसता अंधार. धरण झालं, गाव बुडालं, माणसं काठावर येऊन राहिली, एवढं मला ठाऊक होतं. पण ते गाव अजून तिथेच आहे आणि त्यातून अशी रोज ये-जा चालते, हे ठाऊक नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर त्या उघड्या पाण्यावर म्हातारीने मान खाली घातली, ठेंगण्या दारातून आत शिरताना घालतात तशी. मग म्हणाली, "आमचं घर."

संध्याकाळी घरी आले. तहान लागली होती. स्वयंपाकघरात नळ सोडला, पेला भरला आणि आठवलं, आमच्या नळाला त्याच धरणाचं पाणी येतं.

पेला हातात धरून मी तशीच उभी राहिले. मग पायातल्या सपाता काढल्या.