नवव्या रकान्यातलं ‘नाही’

आमच्या गल्लीला कचरापेट्या मिळाल्या त्या उन्हाळ्यात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही पाऊण तास. अशा वेळी प्रत्येकाच्या दारात झाकणाच्या, कोऱ्या करकरीत, एक हिरवी आणि एक निळी अशा दोन पेट्या आणून ठेवल्यावर काय होणार, हे कळायला सल्लागार लागत नाही. दुसऱ्या दिवशी नळ आला आणि चाळीस घरांनी ऐंशी पेट्या घासूनपुसून भरून घेतल्या. कोपऱ्यावरच्या काकूंनी तर निळीत प्यायचं आणि हिरवीत वापरायचं अशी वर्गवारीही केली होती. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा असं सांगायला मी त्यांच्या दारात गेलो, तेव्हा त्यांनी मला ती कौतुकानं दाखवली. मी त्यांना काही बोललो नाही, कारण माझ्याही घरच्या दोन्ही पेट्या भरलेल्या होत्या आणि त्यातल्या एकीतल्या पाण्यानं मी आंघोळ करून आलो होतो.

मी तेव्हा कचऱ्याचा कारभार पाहणाऱ्या एका कचेरीत कारकून होतो. आमच्या घरात सगळे कारकूनच. आजोबांनी निजामाच्या कचेरीत उर्दूतून लोकांचे अर्ज फेटाळले, वडिलांनी तहसिलात मराठीतून फेटाळले. माझ्या वाट्याला इंग्रजीतून अर्ज करणं आलं, आणि घरच्यांना ती प्रगती वाटली.

अर्ज होता अनुदानाचा. शहर तेव्हा चारी बाजूंनी सुटलं होतं. बायपासच्या पलीकडं, करमाडच्या वाटेवर, बिडकीनच्या अंगाला, जिथं गेल्या वर्षी तूर उभी होती तिथं फ्लॅटच्या स्कीमच्या कमानी उभ्या राहत होत्या. माणसं वाढली, धरण तळाला गेलं, कचरा मात्र कुठल्याही दुष्काळाला न जुमानता वाढत राहिला. कचरा डेपोजवळच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा वरून निरोप आला, की दारोदार वेगवेगळा कचरा गोळा करून तो पुन्हा वापरात आणणाऱ्या शहरांना पैसे मिळणार आहेत. आमच्या साहेबांना कचऱ्याबद्दल त्या दिवसापर्यंत काडीचीही आस्था नव्हती. त्या दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि ‘पॉझिटिव्ह लिहा’ एवढीच सूचना देऊन चाळीस पानांचा फॉर्म माझ्या गळ्यात मारला.

फॉर्म दिल्लीचा होता, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर परदेशातला एखादा गाव असावा. रस्त्याच्या कडेला रहिवासी पेटी ठेवतात, गाडी येते, पेटी उचलते, असं त्यात गृहीत धरलेलं होतं. आमच्या शहरात रस्त्याला कडच नाही. डांबर संपतं तिथं पानटपरी सुरू होते, टपरी संपते तिथं नाली, आणि नालीवर कोणाची तरी मोटारसायकल. तरीही मी दोन पानं भरून त्या कडेचं वर्णन केलं. ते वाचून मलाच तिथं राहायला जावंसं वाटलं.

खरं सांगायचं तर आमच्या गल्लीत ही योजना आधीपासून चालू होती. ती चालवणारी बाई रोज सकाळी सहाला खांद्यावर पोतं घेऊन यायची. रुळापलीकडच्या वस्तीतली, पन्नाशीची, सातवीपर्यंत शिकलेली. तिच्या वस्तीतल्या अकराजणींनी आसपासच्या गल्ल्या वाटून घेतल्या होत्या आणि कोणी दुसरीच्या गल्लीत हात घालत नसे. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, बाटल्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा, पत्रा वेगळा. प्लास्टिकची पिशवी ती कानाशी धरून चुरगाळायची आणि आवाजावरून कोणत्या ढिगात जाणार ते ठरवायची. आंबेडकर जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला ती यायची नाही. त्या दिवशी गल्लीला तिची आठवण व्हायची आणि दुसऱ्या दिवशी गल्ली पुन्हा विसरायची.

मी तिला ताई म्हणायचो, ती मला दादा. मी काहीतरी मोठा अर्ज लिहितो आहे हे तिला कळलं तेव्हा ती दारात थांबली. नव्या स्कीमच्या गेटवरचे वॉचमन या अकराजणींना आत सोडत नव्हते. त्याआधीच्या महिन्यात एका फ्लॅटमधली पितळी तोटी चोरल्याच्या संशयावरून तिला दिवसभर बसवून ठेवलं होतं. तोटी संध्याकाळी त्याच घरातल्या कपाटात निघाली, आणि तिला जायला सांगण्यात आलं, माफी वगैरे भानगड नाही.

“दादा, त्या कागदात आमा अकराजणींची नावं घाला,” ती म्हणाली. “पैसे नको आमाला. फकस्त शिक्क्याचं कार्ड द्या. कोन इचारलं की दावता येईल, आमी चोर नाय म्हनून.”

मी ‘नक्की’ म्हणालो. कारकुनाच्या तोंडून हा शब्द आला की शहाण्या माणसानं आशा सोडावी. पण ती मला गल्लीत ओळखत होती, कचेरीत नाही.

दोन दिवसांनी तिनं अकरा नावांची यादी आणून दिली, वयं आणि गल्ल्यांसकट. फॉर्मच्या नवव्या रकान्यात नेमका तोच प्रश्न होता: शहरात कचरा वेचणाऱ्या व्यक्ती काम करतात काय? असल्यास त्यांची यादी, फोटो, संमतिपत्रं आणि त्यांना योजनेत कसं सामावून घेणार याचा आराखडा जोडावा. मी यादी लावून कागद साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी सुपारी गालात सरकवली आणि त्या रकान्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला. यादी लावली की आराखडा आला, आराखडा आला की बैठक आली, आणि मुदत तर परवा संपते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी यादी काढून माझ्या हातात दिली आणि ‘नाही’ लिहायला सांगितलं. एका शब्दात काम होतंय.

मी म्हणालो, “पण साहेब, बाया आहेत. माझ्याच गल्लीत आहेत.”

“अरे, हैं तो हैं,” साहेब म्हणाले. “कागज पे कायकू लाना?”

मी ‘नाही’ लिहिलं. हात थरथरला, डोळ्यांत पाणी आलं, असं काहीही झालं नाही. लिहिलं आणि कँटीनमध्ये जाऊन चहा प्यायलो. त्या वेळी न वाटलेली लाज आता वाटते, आणि आता तिचा कोणाला काही उपयोग नाही.

महिनाभरात वरून पत्र आलं, की तीन जणांची समिती नमुना म्हणून आमचीच गल्ली पाहायला येणार. मग कचेरीची झोप उडाली. गल्लीत पेट्यांमध्ये पाणी होतं आणि कचरा होता तिथंच, म्हणजे कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीखाली. त्यातून समितीच्या नियमात असं होतं, की सुका कचरा स्वच्छ धुतलेला असावा. साहेबांनी नियम वाचला आणि लगेच फोनवर टँकर मागवला. ज्या शहरात लोक भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसत होते, तिथं दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुवायला पाण्याचा टँकर निघाला.

पाहणीच्या दिवशी टँकर सकाळी सात वाजता गल्लीत शिरला. ड्रायव्हरनं पाइप सोडायच्या आत हंडे, बादल्या, पातेली, पिपं आणि एका घरातला बाळाचा टब रांगेत लागला. साहेब मध्ये उभे राहून हे पाणी शासकीय कामाचं आहे असं सांगत होते. काकूंनी त्यांना विचारलं, की पिशव्यांना अंघोळ घालायची आणि लेकरांनी काय तुमच्या फायली चाटायच्या? साहेबांकडं यावर पॉझिटिव्ह काही नव्हतं. वीस मिनिटांत टँकर रिकामा झाला, पिशव्या होत्या तशाच आंबट राहिल्या.

मग साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमच्या त्या बाया बोलवा.”

आमच्या लेखी त्या बाया शहरातच नव्हत्या, पण बोलवायचं म्हटल्यावर अर्ध्या तासात हजर झाल्या. अकराही. साडीचे काष्टे मारून त्यांनी डीपीखालचा ढीग उपसला. पिशव्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसल्या, थेंबभर पाणी न वापरता. दोन तासांत पुठ्ठ्याचे गठ्ठे, बाटल्यांची पोती, पत्र्याचा ढीग, सगळं ओळीनं लागलं. मी मेजवानीच्या यजमानासारखा हात मागे बांधून फिरत होतो. ताईनं काम करता करता कार्डाचं विचारलं. ते आजच्या पाहणीवर अडलंय, असं मी म्हणालो, आणि ते म्हणेपर्यंत मलाही खरं वाटायला लागलं.

समितीची गाडी चौकात आल्याचा फोन आला आणि साहेबांना नववा रकाना आठवला. त्यांनी मला खुणेनंच सांगितलं. मी जाऊन ताईला म्हणालो, की अर्धा तास जरा समोरच्या पंपहाऊसच्या भिंतीमागं थांबा.

“का हो?” तिनं विचारलं.

“कार्डाचंच काम आहे,” मी म्हणालो.

तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं, मग बाकीच्यांना हाक मारली. मे महिन्याच्या उन्हात अकरा बाया त्या भिंतीमागं जाऊन उभ्या राहिल्या. तिकडं सावली नव्हती, हे मला माहीत होतं.

समितीतल्या मॅडमनी पहिल्याच दारातल्या निळ्या पेटीचं झाकण उचललं. आत नितळ पाणी आणि त्यावर तरंगणारा प्लास्टिकचा मग. साहेब जराही न डगमगता म्हणाले, की पेट्या दर आठवड्याला भिजत घालून निर्जंतुक करतो. मॅडमनी ते लिहून घेतलं. दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्या दारात तेच. इतकी शिस्तबद्ध गल्ली त्यांनी आजवर पाहिली नव्हती. मग गठ्ठ्यांसमोर येऊन त्यांनी विचारलं, हे इतकं नीट वेगळं करतं कोण?

साहेबांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी पदर सारखा केला.

“आम्हीच करतो. रोज करतो,” काकू म्हणाल्या. “सवयच लागलीय आता.”

टाळ्या झाल्या, फोटो झाले. भिंत डोक्याएवढीच उंच होती. पलीकडं कोणीतरी खोकलं आणि त्या आवाजावर साहेबही मोठ्यानं खोकले.

अनुदान मिळालं. कचेरीत पेढे आले, साहेबांच्या सत्काराला शाल आली, मला एक कौतुकाचं पत्र मिळालं, ज्याचा मसुदा मीच लिहिला होता. पाठोपाठ ठेकेदार आला आणि गाणं लावून फिरणाऱ्या गाड्या आल्या. ठेक्यात एक कलम होतं, की दाराबाहेर ठेवलेला कचरा ठेकेदाराचा, दुसऱ्या कोणी हात लावला तर ती चोरी. तोपर्यंत लोक त्या बायांवर चोरीचा नुसता संशय घ्यायचे. आता त्याला नियमाचा आधार मिळाला. गाडीवरच्या पोरांनी आठवडाभर त्यांना हुसकावलं आणि मग त्या यायच्या बंद झाल्या. गाडीही सुरुवातीला रोज, मग एक दिवसाआड, मग नळासारखी आठव्या दिवशी यायला लागली. डीपीखालचा ढीग पूर्वीपेक्षा मोठा झाला, आणि काकू खिडकीतून विचारायला लागल्या, की ती बाई हल्ली कशी दिसत नाही.

ती दिसली ती कचेरीच्या खिडकीवर. तिनं रीतसर अर्ज दिला होता: आम्ही अकराजणी इतकी वर्षं या शहरात हे काम करतो, आम्हाला ओळखपत्रं द्यावीत आणि पूर्वीच्या गल्ल्यांत काम करू द्यावं. पेन दाबून, एकेक अक्षर जपून लिहिलेला अर्ज. तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. मी साहेबांकडं नेला. मंजूर केला तर अनुदानाच्या अर्जात खोटं लिहिलं असं होईल, हे त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मला ते आधीच समजलेलं होतं. टायपिस्ट रजेवर होता. मी अर्जाच्या समासात पेनानं शेरा मारला, साहेबांनी खाली सही केली.

ती उत्तर न्यायला आली त्या दिवशी मी कागद पुढं केला आणि दुसरी फाइल उघडली. मला वाटलं, घेऊन जाईल. ती तिथंच उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली, अक्षरावर बोट ठेवून, अडखळत. “सदर शहरात कचरा वेचणाऱ्या व्यक्ती कार्यरत नसल्याचे अभिलेखावरून दिसून येते. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.” सगळ्या खोलीनं ऐकलं.

“मंजी आमी नायच,” ती म्हणाली.

मी फाइलीचं पुढचं पान उलटलं.

“दादा, हे लिवलं कुनी?”

“कचेरीनं,” मी म्हणालो. “कचेरीचं असंच असतं, ताई. कोणी एक जण लिहीत नाही.”

तिनं कागद पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेला. चिडलेली नव्हती, आवाजही चढवला नाही.

“सात वर्सं तुमच्या घरचे कागद येचलेत मी,” ती म्हणाली. “तुमचं अक्षर मला लांबूनबी कळतं.”