काचेवरून गेलेली रेघ

आर्णीकडच्या आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत लाकडी विमान टांगलेलं आहे. वैमानिकापुढच्या, लाकडातच कोरलेल्या काचेवरून जी आडवी रेघ गेली आहे, ती माझी. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

पाकिस्तानशी लढाई नुकतीच संपली होती. यवतमाळला शाळांचं प्रदर्शन भरणार होतं आणि आमच्या हेडमास्तरांना त्यात लढाऊ विमान हवं होतं. शाळेतल्या कोणीच विमान जवळून पाहिलेलं नव्हतं, ही त्यांना अडचण वाटली नाही. मी चित्रकलेचा मास्तर, नोकरीत कायम. हस्तकलेचे गुरुजी माझ्याच वयाचे, पण तात्पुरते. त्या वर्षी शेरा चांगला पडला तर कायम होणार होते. त्यांच्या घरानं छप्पनला दीक्षा घेतली होती. आम्ही शिक्षक सगळे सुधारक. फक्त गुरुजींचा चहाचा पेला खिडकीत निराळा असायचा, आणि तो तिथे कोणी ठेवला हे कोणालाच माहीत नव्हतं.

गुरुजींनी पांगाऱ्याच्या लाकडाचं हातभर विमान कोरलं. खऱ्या विमानाचं अंग पत्र्याच्या तुकड्यांचं असतं. ते सांधे बारीक रेघांनी दाखवायचे होते. त्यांनी छत्रीची काडी घासून टोकदार केली आणि माझ्या हातात दिली. "दाबाचं नाही, सर. नुसतं ओढाचं. तीन डाव, हलक्या हातानं."

रेघा कुठे ओढायच्या ते मी ठरवणार होतो. जवळ एकच चित्र होतं, वर्तमानपत्रातलं, हेडमास्तरांच्या खिशात चार दिवस घडी होऊन राहिलेलं. मी चौकटी आखून ते मोठं केलं आणि दिसेल ती रेघ लाकडावर उतरवली.

गुरुजी बघत होते. "सर, हे रेघ पंखावरून निघून काचेवरून कायले जाऊन राह्यली?"

"चित्रात आहे."

"चित्रात असन जी. पण सांध्याची वाटत नाही मले. काच बी पत्र्यावानी जोडतेत काय?"

"गुरुजी, चित्र माझा विषय आहे. तुम्ही लाकडाकडे बघा."

"लाकडाकडंच पाहून राह्यलो," ते म्हणाले आणि भुसा झाडायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी ते कात्रण खिडकीशी उजेडात धरलं. ती कागदाची घडी होती.

रेघ बुजवायला लांबी भरायची, घासायचं, दुपारभराचं काम. गुरुजी एका शब्दानंही टोचून बोलले नसते. तेच मला सोसवलं नसतं. मी वर चंदेरी रंग दिला आणि रेघांत काजळी भरली. घडी झकास उठून दिसली.

प्रदर्शनात तपासणीला आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हे विमान मधे दुमडतं की काय?"

हेडमास्तरांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. गुरुजींनी माझ्याकडे.

"कोरीव काम गुरुजींचं आहे, साहेब," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "हो जी. लाकूड मीच कोरलं."

त्यांचंही अक्षर खोटं नव्हतं. फरक फक्त शेऱ्यात पडला. माझ्या नावापुढे 'रंगकाम उत्तम', त्यांच्या नावापुढे 'कामात काळजी नाही'. जूनमध्ये हस्तकलेला दुसरे गुरुजी आले. खिडकीतला पेलाही कोणीतरी उचलला. कोणी, ते माहीत नाही.

त्यांच्या जागी कोणीही असतं तरी मी तसाच वागलो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायची मला भीती वाटली असती. त्यांच्याकडे दाखवताना वाटली नाही.

ते फुलसावंगीला दारं-चौकटी करू लागले. काही वर्षांनी आर्णीच्या बसस्टँडवर भेटले, काखेत करवत.

"विमान हाय काय जी अजून?"

"आहे."

"आन् रेघ?"

"तीही."

"राहू द्या. आता भराले जासान त लाकूड उलन, भेगा पडतीन."

माझी बस लागली होती. मी चढलो.

शाळेतली मुलं अजून त्या विमानावरून चित्र काढतात. ती रेघ एकही मूल चुकवत नाही, आणि मी पूर्ण मार्क देतो.

रेघ माझी होती आणि गुरुजींनी मला आधीच सांगितलं होतं, एवढं मी खात्याला लेखी आणि गुरुजींना तोंडानं सांगायचं देणं लागतो. दोन्ही अजून केलेलं नाही.