टाकी भरू दे

दिल्लीतल्या द्वारकेत राहणाऱ्या माणसाचा जीव पाण्याच्या टाकीत असतो. सकाळी पाणी येतं तेवढ्यात भरून घ्यायचं, मग दिवसभर जपून वापरायचं. त्यातून सोसायटीची मोटर चालू-बंद करायचं काम माझ्याकडे, म्हणजे मी या विषयातला तज्ज्ञच. ते ज्ञान मी माझ्या तान्ह्या मुलीच्या दुधाला लावलं.

जन्मानंतर उतरलेलं तिचं वजन परत चढत नव्हतं. सोमवारपर्यंत वाढलं नाही तर वरचं दूध द्यावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. बायको कोमेजली. मी पुढाकार घेतला.

"अगं, तू तिला सारखी पाजतेस, मग साठणार कसं? अंतर ठेव. टाकी भरू दे."

पोरगी टाहो फोडायची आणि मी तिला खांद्यावर टाकून बाल्कनीत वेळ काढायचो. सासूबाई अळिवाची खीर ढवळत म्हणाल्या, "जावईबापू, ऑफिसात फायली साठवता तेवढं पुरे की!"

सोमवारी वजन जागच्या जागी. मी माझी योजना ऐटीत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"भाईसाहब, ये टंकी नहीं है! जितना खाली होगा, उतना बनेगा."

मग स्तनात दूध कसं बनतं ते दाखवायला त्यांनी कागदावर द्राक्षांचा घड काढला. प्रत्येक द्राक्ष म्हणजे पेशींची पोकळ पिशवी, बाहेरून रक्तवाहिन्यांची जाळी. या पेशी रक्तातली साखर उचलून तिची दुधाची साखर करतात. ती साखरच पाणी आत ओढते. प्रथिनं तिथेच विणली जातात. चरबीचे थेंब पातळ पापुद्र्यात गुंडाळून सोडले जातात. दूध तसंच पडून राहिलं, तर पेशींचं काम मंदावतं.

म्हणजे कामबंदीचा हुकूम मीच काढला होता!

"गुरुवार को फिर तौलेंगे. माँगे तब पिलाओ."

दुपारी बायकोनं भाकरी आणि दुधीची भाजी खाल्ली आणि पोरीला घेतलं. मी समोर बसून बघत राहिलो. दुधातली ती साखर भाकरीत नाही, भाजीत नाही. ती इथेच, आत्ता, घडते आहे. रक्त लाल, दूध पांढरं, मधे पेशींचं एवढंसं अस्तर. पोरीच्या घोटाचा बारीक आवाज येत होता.

गुरुवारी सकाळीही तोच आवाज ऐकत बसलो, आणि मोटर बंद करायची राहिली. खालून शेजारी ओरडले, "अरे यार, टंकी बह रही है!"

क्लिनिकमध्ये पोरीला काट्यावर ठेवलं. बायको, सासूबाई आणि मी काट्यावर वाकलो.

"बढ़ गया!"

बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं. पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब होता. पुसायला मी रुमाल काढला, पण पुसवेना.